चपातीचं फडकं वाळणार कुठं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘शाळेच्या स्वयंपाकघराला धुण्याचं मोठं यंत्र आणि ड्रायर ही चैन आहे, तेवढ्या पैशात मुलांना पुस्तकं आली असती,’ अशा आशयाचं एका वाचकांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. लिहिणारे साताऱ्याचे आहेत हे पत्रावरून कळतं. जुलै महिन्यात ते पाचगणीला मुक्कामाला राहिलेले नाहीत, हेही कळतं. मी इथल्या एका निवासी शाळेच्या मेसचं काम बघते, म्हणून हे उत्तर.

मेस म्हटली की लोकांना भांड्यांचा ढीग दिसतो. फडक्यांचा ढीग कुणी बघत नाही. चपात्या गुंडाळायची मोठी फडकी, ताटं पुसायची, गरम पातेली उतरवायची जाड फडकी, मावशींचे ॲप्रन आणि टोप्या, वाढप्यांचे नॅपकिन, ओट्याचं वेगळं, फरशीचं वेगळं. उन्हाळ्यात हे सगळं गच्चीवर टाकलं की चहा होईपर्यंत वाळतं. पावसाळ्यात मात्र महाबळेश्वर आमच्यापासून 19 किलोमीटरवर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे त्याहून कमी पडतो, पण धुकं दाराच्या आत येतं. दोरीवरचं फडकं चार दिवसांनीही हाताला थंड लागतं. मग काय करतात? चुलीच्या वर दोऱ्या बांधतात. फोडणीचा धूर फडक्यात, फडक्याचं पाणी पातेल्यात. अशा अर्धवट ओल्या फडक्यात गरम चपाती गुंडाळली की वाफेबरोबर कुबट वास चपातीत उतरतो. मुलं म्हणतात आज पीठ खराब आहे. आम्ही बिचाऱ्या गिरणीवाल्याला बोलतो. वासाचं एक वेळ सोडा, पण रात्रभर ओलं राहिलेलं फडकं सकाळी ताटावर फिरतं, तेव्हा रात्रीत त्यात वाढलेले जंतूही ताटावर फिरतात.

पत्रात कर्मवीरांचा दाखला आहे. भाऊरावांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात आणली, लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या जिल्ह्यात मुलांनी आपलं काम आपण करावं, हे मला मान्य आहे. आमची मुलं आपापली ताटं घासतात, घासायलाच हवीत. पण अडचण धुण्याची नाही, वाळवण्याची आहे, आणि श्रमसंस्कार कितीही चांगला असला तरी त्याने पावसात फडकं वाळत नाही.

उलट, माण-खटावातल्या एखाद्या शाळेला कुणी ड्रायर दिला तर मीही त्याला चैनच म्हणेन. दहिवडीकडे ऊन फुकट आहे आणि भरपूर आहे. दुपारचा पोषण आहार शिजवणाऱ्या वाडीवरच्या लहान शाळेलाही ड्रायर नको. तिला फडक्यांचे दोन जादा संच आणि पारदर्शक पत्र्याची एक शेड पुरते.

आता मला खरं बोलायचं आहे ते यंत्र ठेवायच्या जागेबद्दल. परवा एका शाळेत गेले होते. कुठल्या ते सांगत नाही, माणसं चांगली आहेत. देणगीतून नवं कोरं यंत्र आलेलं, फीत कापलेली, फोटो भिंतीवर. ड्रायर ठेवला होता कोठीघरात, स्वयंपाकघराला लागून, आणि भिंतीपलीकडे गॅसच्या टाक्या. दमट हवा बाहेर सोडायची नळी जोडलीच नव्हती, कारण भिंत फोडायचा खर्च देणगीत धरलेला नव्हता. सगळी वाफ खोलीत. तांदळाची पोती हाताला ओली लागत होती. फडकी वाळवायला आणलेल्या यंत्राने धान्य भिजवलं.

ड्रायर खोलीतली हवा ओढतो, तापवतो, कपड्यांमधून फिरवतो आणि ओल घेऊन बाहेर फेकतो. म्हणजे त्याला जेवढी हवा बाहेर टाकायची, तेवढी आत यायला वाट हवी. स्वयंपाकघरात ठेवला तर तो ओढणार काय? चपातीच्या पिठाची धूळ आणि तळणाची तेलकट वाफ. सुताचा भुगा जाळीवर बसतोच. त्यावर पीठ आणि तेल बसलं की चिकट थर होतो. हवा अडते, आतली उष्णता वाढते, आणि समोर पेट घेणारी वस्तू तयारच. ही जाळी दर घाण्याला साफ करायची असते, दर आठवड्याला नव्हे. शिवाय चुलीवरचा धूर ओढणारा पंखा आणि ड्रायर एकाच खोलीतल्या हवेसाठी भांडतात, त्यात बर्नरची ज्योत हलते ती वेगळीच.

आणि तेलाची फडकी. हे फार कमी लोकांना ठाऊक आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. कढई पुसलेलं, तळणाजवळचं फडकं नुसतं साबणात बुचकळून ड्रायरमध्ये टाकलं तर तेल सुतात राहतं. खाद्यतेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निघते, आणि फडकं आधीच तापलेलं असलं की हे फार वेगाने होतं. पसरलेल्या फडक्यातली उष्णता निघून जाते. घडी घालून रचलेल्या गठ्ठ्यात ती कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी, सगळे झोपलेले असताना, गठ्ठा आतून पेटतो. ना ठिणगी, ना काडी. करडई, सूर्यफूल, सोयाबीन या तेलांत हा धोका अधिक, जवसात सगळ्यांत अधिक. म्हणून आमच्याकडे नियम असा की तेलाने निथळणारं फडकं ड्रायरच्या दारापर्यंतही जायचं नाही. ते आधी गरम पाण्यात, सोड्यात, वेगळं. थंडीत इथल्या नळाच्या पाण्यात वनस्पती तूप थिजतं, ते गार पाण्याने कितीही घासा, जात नाही. तरी हाताला तेलकट लागलं तर फडकं टाकून द्यायचं. फडकं स्वस्त आहे.

ड्रायर शेवटची काही मिनिटं उष्णता बंद करून नुसती हवा फिरवतो, तो गार होण्याचा वेळ कुणी वाचवू नये. पावसाळ्यात मात्र मधेच वीज जाते, ड्रम थांबतो आणि तापलेले कपडे आत तसेच ढिगात राहतात. वीज येईल तेव्हा बघू म्हणून मावशी घरी गेल्या की संपलं. दार उघडून सगळं बाहेर काढून पसरायचं, मगच कुलूप. हे आम्ही मोठ्या अक्षरात यंत्रावर चिकटवलं आहे, मराठीत. कंपनीची सूचनापुस्तिका इंग्रजीत होती आणि ती ऑफिसच्या कपाटात होती.

बाकी थोडक्यात. पाणी निदान साठ अंश तापणारं यंत्र घ्यावं. सुगंधी कंडिशनर फडक्यांना लावू नये, वास चपातीला लागतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. ब्लीच जास्त झालं की सूत कुजतं, धागे भाजीत सापडतात. फरशीची फडकी आणि वसतिगृहाच्या चादरी यांच्याबरोबर चपातीची फडकी कधीच नाहीत. विजेवरच्या मोठ्या ड्रायरला बहुधा थ्री फेज लागतो, तेव्हा यंत्र मागवण्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. आणि यंत्र आलं म्हणून एका मावशीला कमी करायचा विचार कुणी करत असेल, तर ती जाळी कोण साफ करणार तेही ठरवून ठेवावं.

तमिळनाडूत कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपरावर गेली आणि 94 मुलं गेली. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. अग्निशामक नळकांडी तेव्हापासून बऱ्याच शाळांत भिंतीवर लटकतात. ड्रायरची नळी कुठं सोडली आहे हे मात्र तपासणीला आलेल्या एकाही साहेबांनी मला अजून विचारलेलं नाही.

तेव्हा देणगी देणाऱ्या मंडळींना विनंती, की यंत्राच्या किमतीबरोबर वेगळी खोली, भिंतीबाहेर जाणारी धातूची नळी आणि विजेची जोडणी यांचे पैसेही द्यावेत. तेवढे नसतील तर एकटं धुण्याचं यंत्र द्यावं, पण जोरात पिळणारं. निम्मं वाळवण्याचं काम पिळण्यातच होतं.

पत्रलेखक वाचकांनी एकदा पाचगणीला यावं, जुलैत यावं. आमचा ड्रायर मेसपासून लांब, अंघोळीच्या खोल्यांच्या ओळीत आहे. दाखवीन. फक्त दुपारी तीननंतर या, त्याआधी आम्हाला कुणाशी बोलायला वेळ नसतो.

आपली,
एक मेस पर्यवेक्षिका,
पाचगणी, जि. सातारा