रोध घसरला म्हणजे अतिवाहक सापडला असे नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तांबे, निकेल, व्हॅनेडियम अशा संक्रमण धातूंची संयुगे आणि त्यांची पातळ पटले यांच्याविषयीच्या बातम्या अलीकडे वृत्तपत्रांत वरचेवर दिसतात. आयुष्याची बरीच वर्षे असे नमुने थंड-गरम करून त्यांचा रोध मोजण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला याचा आनंदच आहे. तक्रार एवढीच की, या बातम्यांत पदार्थ कोणत्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, होतो तो आकडा ठळक असतो. पण तो कोणत्या नमुन्यावर आणि कसा मोजला याचा उल्लेख क्वचितच सापडतो. या पदार्थांच्या बाबतीत ते वगळले तर आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो, असे माझे मत आहे.

उदाहरण सर्वांच्या लक्षात असलेलेच घेतो. २०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने तांबे मिसळलेल्या, शिसे असलेल्या एका संयुगाची, एलके-९९ ची, घोषणा केली. साध्या दाबाला आणि १०० अंश सेल्सिअसच्याही वर ते अतिवाहक राहते, असा दावा होता. पुराव्यात १०४ अंशांच्या सुमारास रोध एकदम घसरल्याचा आलेख होता आणि चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत होती. आता, हे संयुग ज्या कृतीने तयार केले जात होते तिच्यात तांब्याचे सल्फाइड आपोआप तयार होते, आणि या सल्फाइडाची स्फटिकरचना नेमकी त्याच तापमानाच्या आसपास बदलून त्याचा रोध खाली येतो. म्हणजे आलेखावरची घसरण खरी होती, मोजणाराही खोटे बोलत नव्हता. ती घसरण दुसऱ्याच पदार्थाची होती. पुढे श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत या संयुगाचे शुद्ध स्फटिक वाढवले गेले, तेव्हा ते जांभळट, पारदर्शक आणि पक्के विद्युतरोधक निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेलाही आपल्या नमुन्यांत अतिवाहकता आढळली नव्हती.

संक्रमण धातूंच्या संयुगांत असा चकवा पुन्हा पुन्हा का बसतो, हे थोडे सांगायला हवे. निकेलच्या डी उपकवचात, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनांच्या एका थरात, जागा रिकाम्या असतात, त्यामुळे ऊर्जापट्टांच्या साध्या सिद्धांतानुसार निकेल ऑक्साइडातून वीज सहज वाहायला हवी. प्रत्यक्षात ते उत्तम विद्युतरोधक आहे. ही विसंगती डी बूर आणि व्हरवे या संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवून दिली. तिचा उलगडा पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॉट यांच्या विचारातून झाला तो असा की, एका अणूवर आणखी एक इलेक्ट्रॉन आणून बसवायला लागणारी ऊर्जा एवढी मोठी असते की, मोकळे फिरण्याचा फायदा तिच्यापुढे टिकत नाही आणि इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकून पडतात. अनेक ऑक्साइडांत या दोन ऊर्जांचे पारडे जेमतेम समतोल असते. तापमान, दाब किंवा ऑक्सिजनचे प्रमाण जरासे बदलले की ते झुकते. बेल प्रयोगशाळेतील मॉरिन यांनी १९५९ मध्ये नोंदवलेले व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ६८ अंशांना विद्युतरोधी अवस्थेतून धातूसारख्या अवस्थेत जाते आणि चांगल्या स्फटिकात त्याचा रोध दहा हजार पटींहून अधिक बदलतो. एवढी मोठी उडी, आणि तिचा अतिवाहकतेशी काडीचाही संबंध नाही.

पातळ पटलांची गोष्ट याहून नाजूक आहे. काही नॅनोमीटर जाडीचे पटल ज्या स्फटिकावर वाढवले जाते त्याच्या अणूंच्या अंतराशी जुळवून घेताना ताणले किंवा दाबले जाते, आणि तेवढ्यानेही त्याची वागणूक बदलते. व्हॅनेडियम डायऑक्साइडाचे पटल टायटॅनियम डायऑक्साइडाच्या योग्य पृष्ठावर वाढवले, तर हेच स्थित्यंतर खोलीच्या तापमानाजवळ आणता येते. २०१९ मध्ये नीओडिमियम-स्ट्राँशियम निकेलेटाच्या (निकेलच्या एका ऑक्साइडाच्या) पटलात सुमारे ९ ते १५ केल्विनला, म्हणजे उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिवाहकता मिळाली. त्याच रासायनिक सूत्राची भुकटी नंतर इतरांनी बनवली, तर ती अतिवाहक झालीच नाही. म्हणून ‘अमुक पदार्थ अतिवाहक आहे’ हे वाक्य बातमीत अपुरे पडते. पटल की भुकटी, हे सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

कधी कधी तर वीज कोणत्या थरातून वाहते आहे, हाच वाद असतो. लँथेनम ॲल्युमिनेट आणि स्ट्राँशियम टायटनेट हे दोन्ही विद्युतरोधक असूनही त्यांच्या सीमेवर वीज वाहते, हे ओहटोमो आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये दाखवले. मात्र पटल फार कमी ऑक्सिजनमध्ये वाढवले, तर खालच्या टायटनेटातूनच ऑक्सिजन निघून जातो आणि तो अख्खा स्फटिक वाहक बनतो. मापन पटलाचे वाटते, पण उत्तर खालच्या स्फटिकाचे मिळते. प्रकाशाने बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणारे प्रयोग याच्या उलट बाजूला चुकवू शकतात. तिथे बहुतांश माहिती वरच्या नॅनोमीटरभर थरातून येते, आणि म्हणूनच अत्यंत उच्च निर्वातात ताजा पृष्ठभाग उघडा करावा लागतो.

माझाही एक अनुभव नोंदवतो. एका ऑक्साइडाच्या पटलाचा रोध एका तापमानाखाली शून्य दिसू लागला आणि आम्ही जवळजवळ तीन महिने त्याच्या मागे होतो. अखेरीस चांदीच्या लेपाने चिकटवलेल्या चार तारांपैकी (दोन प्रवाह सोडायला, दोन व्होल्टेज मोजायला) एक थंडीत सुटत होती, एवढाच शोध लागला. नमुना एकसारखा नसेल तर तारा घट्ट असूनही फसगत होते: थंड होताना प्रवाह आपली वाट बदलतो आणि व्होल्टेज मोजायच्या दोन टोकांमध्ये काहीच उरत नाही.

यासाठीच रोधासोबत चुंबकीय मापन मागितले जाते. खरा अतिवाहक आपल्या आतले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, आणि सैल तारेला ते जमत नाही. बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडात ३० केल्विनच्या आसपास रोध घसरताना दिसला, तेव्हा चुंबकीय पुरावा हाती नव्हता. म्हणून त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘संभाव्य’ हा शब्द घातला. तो पुरावा त्यांनी पाठोपाठ मिळवला, त्याच वर्षी टोकियोतील गटानेही शोध पडताळून पाहिला, आणि पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या एका शब्दाने त्यांचे काही कमी झाले नाही.

आपल्या विज्ञान पानाकडे माझे मागणे फार नाही. नमुना पटल, भुकटी की एकसंध स्फटिक होता, रोधाखेरीज आणखी काय मोजले आणि दुसऱ्या कोणाला तेच मिळाले का, एवढे दोन ओळींत छापता येते. आणि ही उत्तरे अजून मिळालेली नसतील, तर मथळ्यातला ‘संभाव्य’ जागा वाचवण्यासाठी काढू नये. दावा ज्या जागेवर छापला, त्याच जागेवर त्याचे खंडनही छापावे, अशी आणखी एक विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगकर्ता