कॅलिफोर्नियात जुळवलेली रायफलही विकतचीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या बंदुकांची बातमी आली की ‘तिथे काय, सुटे भाग मागवायचे आणि घरीच रायफल जुळवायची’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. कॅलिफोर्नियातली मराठी मंडळीही, नेमबाजीच्या मैदानावर दोन-चारदा भाड्याची रायफल चालवून झाली की, याच समजुतीवर हिशेब मांडतात: तयार घेण्यापेक्षा जुळवलेली स्वस्त पडेल आणि कागदपत्रांची कटकट वाचेल. पहिला अंदाज कधीमधी खरा ठरतो. दुसरा साफ चुकीचा आहे.

त्याआधी व्हिसाचं. एच-1बी, एच-4, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानुसार बंदूकच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. मैदानावर भाड्याची रायफल हातात घेणंही यात मोडतं. अमेरिकेतला वैध शिकार परवाना जवळ असेल तर सूट आहे. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. दुकानात भरायच्या 4473 क्रमांकाच्या फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. मनाई असताना बंदूक बाळगली तर 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरात एकजण नागरिक आणि दुसरा व्हिसावर असेल, तर कपाटाची किल्ली कोणाकडे राहते हाही मग कायद्याचाच प्रश्न होतो.

आता जुळवण्याचं. हौशी लोक बहुधा एआर-15 पद्धतीची रायफल जुळवतात. तिच्या ज्या खालच्या सांगाड्यात चापाची यंत्रणा बसते, तो ‘लोअर रिसीव्हर’ हीच कायद्याच्या लेखी बंदूक. नळी, खांद्याला टेकायचा दस्ता, काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट हे नुसते भाग. त्यामुळे मूठभर वजनाचा रिकामा लोअर घ्यायचा तरी परवानाधारक दुकानदाराकडेच जावं लागतं आणि सगळे सोपस्कार पुऱ्या रायफलीसारखेच होतात. वय 21 पूर्ण हवं. 25 डॉलर भरून 30 प्रश्नांची सुरक्षा परीक्षा द्यायची, त्यातले 23 बरोबर यायला हवेत. ते प्रमाणपत्र 5 वर्षं चालतं. मग पार्श्वभूमीची तपासणी, सुमारे 37 डॉलर राज्याचं शुल्क आणि 10 दिवसांची प्रतीक्षा, तीही 24 तासांचा एक असे मोजून पूर्ण 10 दिवस. 1 जुलै 2024 पासून बंदुकीवर आणि काडतुसांवर राज्याचा 11 टक्के जादा करही आहे. जुळवणाऱ्याला तो फक्त लोअरच्या किमतीवर पडतो. खरी बचत काय ती एवढीच, आणि ती जुळवणीच्या अवजारांच्या खर्चात कुठल्या कुठे जिरते.

अर्धवट घडवलेला, क्रमांक नसलेला लोअर मागवून घरी छिद्रं पाडायची जुनी पळवाट राज्याने 2022 च्या एबी 1621 कायद्याने बुजवली. केंद्राच्या तशाच नियमावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 2025 रोजी शिक्कामोर्तब केलं. मुळापासून स्वतः घडवायची तर आधी राज्याच्या न्याय विभागाकडून अनुक्रमांक घ्यावा लागतो, आणि अशी बंदूक पुढे विकता येत नाही. विना परवाना थ्रीडी प्रिंटरवर तर ती बनवताच येत नाही.

पण नवखा माणूस खरा फसतो तो दुसरीकडेच. काडतुसाच्या मध्यभागी ठोका बसणाऱ्या, म्हणजे सेंटरफायर, अर्धस्वयंचलित रायफलीला मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढता-घालता येत असेल, तर तिला सुटी खाली येणारी पिस्तूल-मूठ, लांबी कमी-जास्त होणारा किंवा दुमडणारा दस्ता, अंगठ्याच्या भोकाचा दस्ता, पुढची मूठ, नळीच्या टोकाची ज्वाळा झाकणारा ज्वालारोधक यांतलं एकही चालत नाही. एक जरी असलं तरी ती ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे राज्यात बंदी असलेलं शस्त्र. एकूण लांबी 30 इंचांपेक्षा कमी असली तरी तेच. ती बनवण्याची शिक्षा 4, 6 किंवा 8 वर्षं. इतर राज्यांतले व्हिडिओ पाहून मागवलेल्या भागांच्या संचात नेमकी हीच मूठ आणि हाच दस्ता असतो. लोअरला ते बसवून ‘बाकीचं नंतर बदलू’ म्हणत वरचा अर्धा भाग जोडला, की त्या क्षणी गुन्हा पूर्ण झाला. म्हणून माशाच्या परासारखी पाती असलेली, अंगठा भोवती वळवता येणार नाही अशी मूठ आणि खिळ्याने कायम पक्का केलेला दस्ता आधी बसवायचा, नळीच्या टोकाला ज्वालारोधकाऐवजी धक्का कमी करणारा ‘मझल ब्रेक’ लावायचा, आणि मगच दोन भाग जोडायचे.

दुसरा मार्ग पक्क्या मॅगझिनचा: रायफल उघडल्याशिवाय ते निघता कामा नये आणि त्यात 10 पेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. कागदावर हे सोपं वाटतं. मैदानावर दोन काडतुसं एकदम अडकली की एरवी आधी मॅगझिन काढतात. इथे तेच निघत नाही, आणि अडकलेल्या बोल्टमुळे रायफलही धड उघडत नाही. नवशिक्याच्या हातात अशी रायफल देऊ नये.

यंत्राच्या चुका वेगळ्याच. नळीचं नट 30 ते 80 फूट-पाउंडांच्या मधे आवळायचं असतं, आणि त्यातही बोल्ट मागे ढकलणारा गॅस नेणाऱ्या बारीक नळीची वाट सरळ मोकळी राहील अशा जागी थांबायचं असतं. वाट तिरकी राहिली तर बोल्ट घासतो. बोल्ट एका ठिकाणचा आणि नळी दुसरीकडची असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून काडतूस आत टेकतं तिथपर्यंतचं अंतर, गेजने तपासल्याशिवाय काडतूस भरू नये. .223 मापाच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, 5.56 मापाचं काडतूस बसतं, पण दाब वाढतो. नळीवर काय कोरलंय ते वाचावं. बिघाड झालाच तर आपल्या जोडणीची वॉरंटी कोणी देत नाही.

माझं मत विचाराल तर पहिली रायफल तयार घ्यावी, आणि ती .22 रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका बसणारी. मूठ-दस्त्याचे वरचे नियम सेंटरफायरला आहेत, रिमफायरला नाहीत. धक्का नगण्य, काडतूस स्वस्त. मोठ्या काडतुसाचीच हवी असेल तर हाताने मागेपुढे करायच्या बोल्टची घ्यावी, तीही या नियमांबाहेर राहते. जुळवण्याची हौस दुसऱ्या रायफलीवर भागवावी.

टेक्सास वगैरेहून बदली होऊन येणाऱ्यांनी आपली रायफल सीमा ओलांडण्यापूर्वी इथल्या नियमात बसवून घ्यावी आणि आल्यावर 60 दिवसांत न्याय विभागाला कळवावं. 1 जानेवारी 2026 पासून घरातली बंदूक प्रमाणित कुलपात ठेवणंही बंधनकारक झालं आहे. आणि जुळवणी इथे शिकून पुण्या-नाशकात करू असं कोणाच्या मनात असेल, तर भारतात शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार विना परवाना बंदूक बनवणंच नव्हे, दुरुस्त करणंही गुन्हा आहे.

आपला,
एक वाचक, कॅलिफोर्निया