आकाशाच्या निळाईत समुद्राचा वाटा नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत ‘आकाश निळे का दिसते?’ या प्रश्नाखाली ‘समुद्राच्या पाण्याचे प्रतिबिंब पडते म्हणून’ असे उत्तर छापून आले आहे. सोबत होडीचे चित्र. हेच उत्तर मी शाळकरी वयात ऐकले होते, ते अजून छापले जात असेल असे वाटले नव्हते. समुद्रापासून शेकडो कोस आत, वाळवंटावरचे आकाश इतके निळे कसे, एवढे जरी छापण्याआधी कुणी विचारले असते, तरी काम भागले असते.

मी शास्त्रज्ञ नव्हे. उभा जन्म कॅमेऱ्यामागे गेला आणि आकाश हे आमच्या धंद्यातले जुने दुखणे, म्हणून त्याच्या रंगाची चौकशी करणे भाग पडले. एकोणिसाव्या शतकातले निसर्गचित्रांचे फोटो पाहा. झाडे, खडक, पाणी सगळे रेखीव, आणि वर आकाश म्हणजे कोरा कागद. त्या काळी फिल्मच्या जागी वापरत त्या रसायन लावलेल्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. आकाशातून तोच प्रकाश भरभरून येई, त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई. फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि ढगांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून प्रिंट काढले, ते याच अडचणीपायी.

पुढे सगळ्या रंगांना दाद देणारी फिल्म आली, तेव्हा आम्ही भिंगापुढे लाल फिल्टर लावू लागलो. कृष्णधवल फोटोत निळे आकाश एकदम काळपट होते, पांढरे ढग उठून दिसतात, आणि दूरचे धुरकट डोंगरही स्पष्ट होतात. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. डोंगर आणि कॅमेरा यांच्यामध्ये असते ती फक्त हवा. लाल फिल्टरने तिच्यातला निळा प्रकाश अडवला, की डोंगर दिसतो. म्हणजे आकाशाची निळाई काही फक्त डोक्यावर नाही, समोरच्या डोंगरापुढेही तिचा पातळ पडदा असतो.

हा पडदा येतो कुठून? सूर्यप्रकाश हवेच्या रेणूंवर पडला की त्यातला थोडा सगळ्या दिशांना विखुरतो. आखूड तरंगलांबीचा जास्त, लांब तरंगलांबीचा कमी. किती कमी, ते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले: हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते. जांभळ्याची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटर, गडद लालची ७००. फरक जेमतेम पावणेदोन पटींचा, पण चौथा घात केल्यावर तो नऊ पटींच्या वर जातो. सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा किरणांना हवेचा फार लांब पल्ला काटावा लागतो. निळे वाटेतच विखुरते आणि आपल्यापर्यंत तांबडे पोचते.

‘धुळीमुळे निळे’ असेही एक उत्तर छापले जाते. त्याच शतकातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांच्यासारख्यांनाही हवेतल्या बारीक कणांवरच हे खापर फोडावेसे वाटले होते. पण १८९९ मध्ये रॅले यांनीच दाखवून दिले की धूळ नसली तरी नुसते हवेचे रेणू पुरेसे आहेत. धूळ वाढली की आकाश उलट पांढुरके होते. मंगळावर दिवसा ते पिवळसर-तपकिरी दिसते, ते तिथल्या धुळीमुळेच.

समुद्राचा मुद्दा सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच निकालात काढला होता, पण उलट बाजूने. खोल समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे खुद्द रॅले यांचे मत होते. इंग्लंडहून बोटीने परतताना रामन यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या स्फटिकातून, पाणी पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश त्या प्रिझमने कापला तरी पाण्याचा निळा रंग उरलाच, उलट जास्त खुलला. आमचा पोलरायझिंग फिल्टर त्याच जातीचा. सूर्य एका खांद्याकडे ठेवून, म्हणजे त्याच्याशी काटकोन करून, आकाशाकडे पाहा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आकाश दाट निळे होते, आणखी पाव फेरा दिला की पुन्हा फिके. सूर्याशी काटकोनात असलेल्या दिशेकडून येणारा विखुरलेला प्रकाश सर्वाधिक ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असतो म्हणून हे घडते. मुलांना हे एकदा दाखवावे, पुस्तकातली दहा पाने वाचतील.

आता जांभळा सर्वांत जास्त विखुरतो, तर आकाश जांभळे का नाही? एक तर सूर्यप्रकाशात जांभळा निळ्यापेक्षा कमी असतो. दुसरे, आपले डोळे त्याच्या बाबतीत मंद आहेत. आकाशातून येते ते मिश्रण, आणि डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी ते फिकट निळे म्हणून वाचतात. जुन्या काचांना मात्र जांभळेही चांगले कळत होते!

एक पुस्ती. सूर्य मावळल्यावर माथ्यावर जो गहिरा निळा रंग चढतो, त्याचे श्रेय मुख्यतः ओझोनला जाते. तो नारिंगी-पिवळा प्रकाश शोषतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये हे गणिताने दाखवले. इतके बारकावे बालपुरवणीत नकोत, हे मान्य.

दुरुस्ती मात्र पुढच्या रविवारी त्याच पानावर यावी. जागा कमी पडली तर रामन यांची बोट गाळा, पण जांभळ्याचा भाग गाळू नका. तो प्रश्न मुले हमखास विचारतात.

कळावे,
एक जुना छायाचित्रकार