ग्राहकाचा आवाज माझ्या घरात का येत नाही? दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

काल दुपारी मोबाइलवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ त्याच वेळी लॅपटॉपवर एका ग्राहकाला मी कळवळून विचारत होते, "हॅलो, आहात का तुम्ही?" त्यांना माझा शब्दन्‌ शब्द ऐकू जात असणार. त्यांचा एकही माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. घरच्या इंटरनेटबद्दलची ही माझी तिसरी तक्रार. ‘सोमवारपर्यंत नक्की’ असं मला तोंडावर सांगितलं होतं.

मी इंदूरला रामबागेत राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, म्हणून घरून, इंटरनेटवरच्या कॉलवर कस्टमर केअरचं काम करते. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनेच अशा कामाचे नियम सैल केले, त्या भरवशावर. कॉल तुटला की माझे पैसे कापतात. गेल्या महिन्यात ४१ कॉल तुटले, वहीत वेळेसकट लिहून ठेवलेत. बहुतेक सगळे बत्तिसाव्या सेकंदाला. कॉल उचलल्याची पोच वाटेत हरवते, आणि पोच आली नाही म्हणून ३२ सेकंदांनी यंत्रणाच कॉल तोडते. हे मला रात्री जागून स्वतः वाचावं लागलं. तुमच्या परवानाधारक कंपनीचा माणूस येतो, स्पीड दाखवतो आणि जातो.

स्पीडचा प्रश्नच नाही हो! माझं अ‍ॅप पलीकडे १९२.१६८ ने सुरू होणारा, फक्त घरातच चालणारा इंटरनेटचा पत्ता कळवतं. वाड्याचं नाव न सांगता ‘दुसरा मजला, डावीकडचं दार’ एवढंच सांगावं, तसं. मग त्यांचा आवाज आणि ती पोच माझ्यापर्यंत येणार कशी? वर राउटरचा बाहेरचा पत्ताही १००.७२ चा, म्हणजे कंपनीने कित्येक घरं एकाच पत्त्यामागे कोंबलेली. मधे टर्न सर्व्हर, म्हणजे दोन्हीकडचा आवाज पुढे पोहोचवणारा मध्यस्थ, ठेवून ४४३ पोर्टवरून आवाज नेता येतो; पोर्ट म्हणजे जणू क्रमांकाचं दार, आणि हे दार फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, सहसा अडवत नाही. पण सगळं बोलणं त्या सर्व्हरवरून वळसा घेतं, त्याचा खर्च आमच्या लहान कंपनीला झेपत नाही.

आशियाच्या वाट्याचे जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एप्रिल २०११ मध्येच संपत आले होते. ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं प्रत्येक नवं वायरलाइन कनेक्शन आयपीव्ही ६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, चालवण्याजोगं हवं, हे तुमच्याच खात्याने ठरवलं. माझं कनेक्शन २०२४ चं आहे. त्यात आयपीव्ही ६ नाही. विचारलं तर समोरचा म्हणाला, "मॅडम, ते काय असतं?" मग आदेश काढता कोणासाठी? तपासतं कोण? पाणी असो, वीज असो, रेशन असो, तक्रार बंद केली की काम झालं, हीच रीत सगळीकडे का?

मला आयपीव्ही ६ सुरू करून द्या. सामायिक पत्ता देणार असाल तर पैसे घेण्याआधी सांगा. राउटरमधली ‘सिप एएलजी’ ही कॉल हाताळणारी सोय बंद करायची मुभा द्या, ती कॉलच्या डेटा-पाकिटांतले पत्ते बदलून आणखी घोळ घालते. आणि माझ्या होकाराशिवाय माझी तक्रार बंद करू नका. आज चौथी नोंदवली आहे. वही माझ्यापाशी आहे, कोणीही येऊन बघावी.

आपली,
रामबाग, इंदूर येथील एक ग्राहक