घरात वास येतो का, याचं खरं उत्तर

लीड्स, 11 मे

प्रिय आई,

परवा फोनवर मावशी मागून ओरडली ना, "त्या मुंगसांचा वास नाही का येत गं घरात", आणि तू हसलीस पण नंतर हळूच विचारलंस की तीन महिने राहायचंय, खरं काय ते सांग. तेव्हा निखिल शेजारीच होता आणि आमच्या दोन फेरेटांपैकी बंड्या माझ्या बाहीत घुसला होता त्यामुळे धड बोलता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहितेय.

तर येतो. वास येतो. येत नाही असं सांगून तुला विमानात बसवलं तर तू आल्या आल्या पदर नाकाला लावशील आणि मग मला तोंड दाखवायला जागा नाही. पण मावशी समजते तसा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात चिचुंद्री भिंतीकडेने गेली की जो तिखट भपकारा येतो ना तसला रोजचा नाही हा, जरासा गोडसर, ओल्या घोंगडीसारखा, तळाला थोडं जंगल. आणि मुंगूस नाहीये गं ते, फेरेट. युरोपात पोलकॅट म्हणून रानटी प्राणी असतो त्याचे हे माणसाळवलेले वंशज, त्या पोलकॅटच्या शास्त्रीय नावातच पुटोरियस आहे, म्हणजे लॅटिनमध्ये घाण वासाचा. आणि फेरेट म्हणजे छोटा चोर, म्हणून तर आमच्या बाईंचं नाव ठकी ठेवलंय, निखिलचे किती मोजे नेलेत तिने त्याला हिशोब नाही.

आता मी काय माती खाल्ली ते सांगते, म्हणजे तू आल्यावर तेच करणार नाहीस. गेल्या वर्षी फेब्रुवारीत दोघांना आणलं तेव्हा वास आला की मी सरळ आंघोळ घालायचे. आपली पद्धतच ती, वास आला की पाणी ओता. दर रविवारी बेसिनमध्ये कोमट पाणी, वासाचा शाम्पू, तीन रविवार केलं. आंघोळीनंतर तासभर कसे फुलासारखे, आणि दोन दिवसांत पहिल्यापेक्षा दुप्पट वास, वर कोरडी पडलेली कातडी खराखरा खाजवतायत. शेजारचे आजोबा आहेत ना, ते जन्मभर फेरेट पाळतात, इकडे यॉर्कशरमध्ये बिळात फेरेट सोडायचं आणि वर जाळी लावून ससे धरायचे हा जुना नाद आहे लोकांचा, ते हे ऐकून इतके हसले की चहा सांडला. मग समजावलं त्यांनी. वास असतो कातडीतल्या तेलाचा. ते तेल धुऊन टाकलंस की अंगाला वाटतं कमी पडलं, ते अजून जोरात बनवतं. तेव्हापासून आंघोळ बंद, वर्षातून एकदा दोनदा, तेही अंगाला काही भलतंच फासून आले तरच.

शेपटीखाली दोन ग्रंथी असतात तो वेगळा प्रकार. खूप घाबरले की तिथून सोडतात, आणि तो मात्र अगदी चिचुंद्री बरं का. 5 नोव्हेंबरला इकडे फटाके असतात, पहिला बाण उडाला आणि ठकीने माझ्या मांडीवर सोडलं, मी अक्षरशः खिडकीत डोकं घालून उभी. पण दहा मिनिटांत गेला. अमेरिकेत म्हणे त्या ग्रंथी लहानपणीच काढून टाकतात, इकडे दुखणं असल्याशिवाय हात लावत नाहीत आणि मला ते पटतं, कारण त्या काढल्या तरी अंगाचा वास राहतोच, मग उगाच कशाला कापाकापी.

बंड्याचा प्रश्न निराळा होता. तो आला तो ऐन माजावर. दिवस मोठा व्हायला लागला की नर माजावर येतात, स्वतःच्याच पोटाला मूत फासून फिरायचा, पांढरा प्राणी पिवळट तेलकट झालेला, मी त्या दिवसांत कोणाला चहाला बोलावलं नाही. ठकीचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. बंड्याला डॉक्टरांनी खांद्याच्या मधे कातडीखाली बासमतीच्या दाण्याएवढं एक औषध बसवलं, त्याने माज उतरतो, पाच-सहा आठवड्यांत निम्म्याहून जास्त वास गेला. त्याचा असर कधीतरी संपतो, मग परत बसवायचं. आणि डॉक्टर म्हणाले अचानक वास वाढला आणि शेपटीचे केस जायला लागले तर थांबू नका, लगेच घेऊन या, ते हार्मोनचं दुखणं असू शकतं.

बाकी खरी लढाई प्राण्याशी नाहीच गं, कपड्याशी आणि कोपऱ्याशी. झोपतात दिवसाचे चौदा-पंधरा तास, त्यामुळे सगळं तेल अंथरुणात. दर रविवारी आता आंघोळीऐवजी अंथरूण धुते, बिनवासाची पावडर, सॉफ्टनर नाही. आणि शी. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, सारखं चालूच. करतात पण मजेशीर, कोपरा दिसला की वळतात, शेपटी वर आणि रिव्हर्स गिअर टाकून पार भिंतीला टेकेपर्यंत मागे मागे, चेहऱ्यावर बँकेत अर्ज भरत असल्यासारखा भाव. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात ट्रे, आत कागदाच्या गोळ्या, सकाळ संध्याकाळ उचलायचं. देवदार किंवा पाइनचा भुसा मिळतो, छान वास असतो, पण तोच वास त्यांच्या फुप्फुसाला वाईट.

तू म्हणालीस ना सुकट घेऊन येते पोरांना, आमच्यासाठी आण, पोरांना नको. मासे खाल्ले की ट्रेकडे जाववत नाही. त्यांना कच्चं चिकन, माना, पंख, हाडासकट, थोडं काळीज. आणि लपवतात हां. मार्चमध्ये घरात असा वास सुटला की मी परत आंघोळीच्या विचारात आले होते, ट्रे धुतले, अंथरूण दोनदा धुतलं, दोघांचे कान पुसले (कानात तांबूस मळ धरतो, त्यालाही वास असतो), काही फरक नाही. चौथ्या दिवशी निखिलने सोफा उलटा केला तर खालचं कापड फाडून आत ठकीबाईंचं कोठार! कोंबडीची एक मान, दोन मोजे, माझ्या हेडफोनची एक कळी आणि टीव्हीचा रिमोट. मान बघितलीस तर तू जेवली नसतीस. आता मी चिकन मोजून देते आणि मोजून संपलं का बघते.

आता अवघड विषय, रागावू नकोस. उदबत्ती. तू तिन्हीसांजेला धूप घालणारच मला माहितीये, पण यांची श्वासनळी नाजूक, धूर सोसत नाही. मीही सुरुवातीला वास झाकायला उदबत्त्या लावल्या, तर बंड्या शिंकून शिंकून बेजार, आणि घरात येणारा वास म्हणजे चंदन अधिक फेरेट, कुठल्याही एकापेक्षा वाईट. म्हणून देवघर वरच्या छोट्या खोलीत नेलंय, तिथे दार लावून खिडकी उघडून काय हवं ते लाव, तिकडे ते येत नाहीत. फिनाईल पण नको, पुसायला मी व्हिनेगरचं पाणी वापरते. बाबांना सांग येताना सर्दी झाली तर पूर्ण बरी होईपर्यंत फेरेटांना जवळ घ्यायचं नाही, माणसाचा फ्लू यांना लागतो, 1933 साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा व्हायरस सापडला तो फेरेटवर प्रयोग करूनच.

एक काम मात्र तुझ्याकडेच आहे. आम्हा दोघांची नाकं आता कामाची नाहीत. आठवतंय का, मुंबईची माणसं चिपळूणला आली की गोठ्याशी नाक मुरडायची आणि आपण म्हणायचो कुठे काय वास? माळ्यावर उदमांजर आलं की तांदळासारखा वास सुटायचा तो सुद्धा त्यांनाच आधी यायचा. तसं झालंय आमचं. तेव्हा दारातून आत आलीस की चपला काढायच्या आधी, पहिल्या पाच मिनिटांत, काय वास कुठून येतोय ते स्पष्ट सांग, लाजू नको, कारण दोन दिवसांनी तुझंही नाक सरावेल आणि मग तू पण आमच्यातलीच.

बॅगेत जागा असेल तर जुन्या सुती साड्या टाक दोन-तीन, विटक्या चालतील. त्यांच्या झोळ्या शिवायच्यात. पॉलिस्टरला वास धरून बसतो, सुतीतून कसा धुतला की पटकन निघतो. तुझी ती निळी काठाची नको पण, ती मला हवीये.

तुझी,
मिनू

ता. क. मावशीला सांग मुंगूस नाही. तिने ऐकलं नाही तर सोड.