तिकीट रद्द कर

दांडिया बाजार, बडोदे

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. बॉलपेनची ओळ दिसत नाही, म्हणून स्केचपेनने लिहितेय. आधी कामाचं: तू काढलेलं माझं बंगळूरचं विमानाचं तिकीट रद्द कर.

आम्ही नुसता मोतीबिंदूच धरून चाललो होतो. सूरसागरातला सोनेरी महादेव धुरकट दिसायचा, म्हटलं वय झालं. मग परवा सोमवारी उजव्या डोळ्यापुढे काळी जळमटं तरंगायला लागली आणि दुपारपर्यंत सगळं काजळलं. डोळ्याची सोनोग्राफी झाली. साखरेमुळे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, त्यातली एक फुटून आत रक्त साकळलंय. पडदा दरवर्षी तपासा म्हणून सांगितलेलं. मी मात्र चष्म्याचा नंबर काढून परत यायचे. पडद्याची तपासणी टाळल्याचं बाबांना सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

पुढच्या गुरुवारी दोन्ही ऑपरेशनं एकदमच करणार आहेत. मोतीबिंदू काढून लेन्स बसवायची, मागचं रक्ताळलेलं जेलीसारखं द्रव काढायचं, पडद्याला लेसर द्यायचा. बाबांचं म्हणणं, मोतीबिंदू उरकून घ्या, बाकी दिवाळीनंतर. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त थांबायचं नाही दिवाळीसाठी. मोतीबिंदू तसाच ठेवला तर त्या ढगाळ काचेतून त्यांना मागचं नीट दिसणार नाही, आणि मागचं ऑपरेशन झालं की तो बहुतेक भराभर पिकतो, म्हणजे पुन्हा टेबलावर. एकदम केलं तर सूज जास्त येऊ शकते, नजर किती परत येईल ते पडद्यावर आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. तिथंच मी हो म्हटलं.

पडदा ओढला गेला असेल तर आत गॅस भरतील. ते आत बघूनच ठरेल. तो कधी दोन आठवडे टिकतो, कधी दोन महिने. तोवर विमान बंद, कारण उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. बंगळूर सुमारे 900 मीटर उंचीवर, म्हणून रेल्वेनेसुद्धा नको म्हणाल्या. पालथं पडून राहावं लागेल म्हणे. बाबांनी आत्तापासून उशांचा किल्ला रचलाय!

रक्तस्राव कमी व्हावा म्हणून डोळ्यात इंजेक्शन काल झालं. धसकले होते तेवढं दुखलं नाही.

तूच ये. बुधवारपर्यंत पोचलास तर बरं, बाबा एकटे दवाखान्यात घाबरतील. आणि मैसूरपाक आणलास तर बॅगेतच ठेव.

तुझी
आई