कुलूप माझ्या घराला, किल्ली तुमच्या माणसाच्या खात्यात

जामसंडे, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
१२ मार्च २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : विंडोज ११ बसवल्यावर रिकव्हरी की न दिल्यामुळे बंद पडलेला संगणक

महोदय,

आपल्या सेवा केंद्राचा तंत्रज्ञ २४ नोव्हेंबर २०२५ रोजी माझ्या घरी येऊन विंडोज ११ टाकून गेला. ३,२०० रुपये मी त्याच दिवशी दिले, पावतीची प्रत सोबत आहे. १ मार्चपासून तो संगणक एका निळ्या पडद्यावर अडून बसला आहे आणि ४८ आकडी किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, मागतो आहे. ती माझ्याकडे कधीच नव्हती. ती तुमच्या तंत्रज्ञाच्या खात्यात आहे आणि मला ती हवी आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मी तुम्हाला बोलावलं. संगणक २०१९ चा, आठ जीबी रॅमचा. प्रोसेसर नव्या विंडोजला चालणारा होता, पण तपासणीत 'हा संगणक पात्र नाही' असं येत होतं. तुमच्या माणसाने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन टीपीएम ही संगणकातली सुरक्षेची सोय चालू केली आणि अडचण पाच मिनिटांत सुटली. इथवर त्याचं कौतुकच करतो. जुनं विंडोज अस्सल असेल तर नवं फुकट मिळतं आणि फाइली जागेवर ठेवून चढवता येतं, हे मला मागाहून कळलं. तुमच्या पावतीत मात्र 'लायसन्स' म्हणून १,२०० रुपये लावले आहेत. ते कशाचे, हे कळवा.

फाइली जागेवर ठेवून चढवलं असतं तर पहिल्या दहा दिवसांत जुन्यावर परतही जाता आलं असतं. त्याने सी ड्राइव्ह फॉर्मॅट करून सगळं नव्याने टाकलं. "काका, डी ला हात लावत नाही, तुमचा डेटा जसाच्या तसा राहील." राहिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण सेटअप करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं, तेव्हा माझा ईमेल न विचारता त्याने स्वतःचा टाकला. मशीन सुरू केलं की दुसऱ्याच कुणाचं नाव पडद्यावर यायचं. विचारलं, तर "नाव नंतर बदलता येतं." चार आकडी पिन सांगितला आणि चहा घेऊन गेला. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. नाव काय, कुणाचंही असो, पत्रिका थोडीच जुळवायची होती!

आता खरी गोष्ट. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे सगळ्या डेटाला कुलूप, आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. सी बरोबर डी सुद्धा बंद होतो. हे तुमच्या तंत्रज्ञाला माहीत असायला हवं होतं. माहीत नव्हतं, तर तुम्ही त्याला लोकांच्या घरी पाठवायला नको होतं.

२० फेब्रुवारीला आम्ही पुतण्याच्या लग्नाला मुंबईला गेलो. विजेच्या भीतीने प्लग काढून ठेवायची आमच्याकडे सवयच आहे. शिमग्याला परत आलो, संगणक लावला, तर घड्याळ मागे गेलेलं आणि समोर निळा पडदा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेला, टीपीएम बंद झालं आणि डिस्क किल्लीशिवाय उघडेना. समुद्राच्या खाऱ्या हवेत आमच्याकडे असल्या गोष्टी लवकरच मरतात. भाच्याने पुण्याहून फोनवर सांगितलं तसं बॅटरी बदलून टीपीएम पुन्हा चालू केलं. पडदा तोच. त्यावर खात्याच्या ईमेलची काही अक्षरं दिसतात. ती माझ्या ईमेलची नाहीत. फोटो जोडला आहे.

तुमच्या कार्यालयाला तीनदा फोन केला. दोनदा उत्तर मिळालं, "तो मुलगा नोकरी सोडून गेला." तिसऱ्यांदा, "परत विंडोज टाकून देतो, १,५०० होतील, डेटाची हमी नाही." म्हणजे कुलूप तुम्हीच लावायचं, किल्ली घेऊन जायचं आणि दार फोडायचे पैसे पुन्हा मीच द्यायचे!

त्या डी ड्राइव्हवर माझ्या आंब्याच्या गिऱ्हाइकांची नऊ वर्षांची यादी आहे. पत्ते, कुणाला पाच डझनाची पेटी, कुणाला कच्चा लागतो, कुणाला थोडा पिकत आलेला. कलमावार फवारणीच्या तारखा आहेत. पहिल्या पेट्या या महिन्यात निघायच्या आहेत आणि मी फोनमधले जुने निरोप चाळून पत्ते उतरवतो आहे. वेगळा बॅकअप ठेवला नाही ही माझी चूक, ती मान्य. आईने तर तोंडावरच ऐकवलं, "वहीत लिवन ठेवूक काय झाला होता?"

मागणं एवढंच. त्या तंत्रज्ञाशी संपर्क साधून पडद्यावरच्या की आयडीशी (किल्लीच्या ओळख क्रमांकाशी) जुळणारी किल्ली मला द्या. डी ची किल्ली वेगळी असेल, तर तीही द्या. डेटा काढून झाला की एन्क्रिप्शन त्याच्या खात्यातून सोडवून मशीन माझ्या खात्यावर आणा, आणि त्याच्या खात्यातून माझं मशीन काढून टाका. तो नोकरीत नाही हे कारण चालणार नाही. पावतीवर शिक्का कंपनीचा आहे. लायसन्सचे १,२०० परत करा. किल्ली मिळालीच नाही, तर पूर्ण ३,२०० परत हवेत आणि यादी नव्याने टाइप करून घेण्याचा खर्चही.

२२ मार्चपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपण राहतो तिथल्याच आयोगाकडे अर्ज करता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करा. मधल्या वेळात मी बागेत असतो आणि तिथे रेंज नसते.

आपला,
(सही)
ग्राहक, जामसंडे

सोबत : पावतीची प्रत, पडद्याचे दोन फोटो